अन्नाची मुदत

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात, चिंचणी आणि डहाणूच्या मधल्या किनारपट्टीवर वरोर गाव आहे. जवळचं रेल्वे स्टेशन वाणगाव. पश्चिमेला समुद्र, मागे भातशेती आणि वाड्या, रुळ ओलांडून पूर्वेला गेलं की वारली पाडे आणि डोंगर. या अरुंद पट्ट्यात समुद्रातून मासळी येते, वाड्यांमधून चिकू, मिरची आणि भाजीपाला येतो, शेतातून भात येतं. तिन्हींची टिकण्याची मुदत मात्र अगदी वेगळी. ताजा बोंबील उन्हात राहिला तर काही तासांत हातचा जातो. झाडावरून उतरवलेला तयार चिकू चार-सहा दिवस धीर धरतो. नीट वाळवलेलं भात वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं. आणि हेच भात कांडून, शिजून ताटात आलं की त्याची मुदत पुन्हा काही तासांवर येते.

अन्न वाया का जातं, असं विचारलं की आपण लगेच माणसाच्या बेपर्वाईकडे बोट दाखवतो. बेपर्वाई असतेच, पण ती शेवटचा टप्पा आहे. बहुतेक अन्न वाया जातं ते मुदत संपण्याआधी खाणाऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून. एवढं लक्षात घेतलं की उपायही स्पष्ट होतात. अन्नाची मुदत वाढवायची, नाहीतर त्याची वाट कमी करायची, नाहीतर मुदतीत संपेल तेवढंच काढायचं आणि तेवढंच शिजवायचं. या प्रकरणात आपण वरोरच्या किनाऱ्यावरून निघून घरातल्या फ्रिजपर्यंत हीच वाट तपासणार आहोत.

किती अन्न, कुठे जातं?

जगाचा हिशेब दोन भागांत मांडला जातो. पहिला भाग शेत आणि बंदरापासून दुकानाच्या दारापर्यंतचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अंदाजानुसार जगातलं सुमारे 13 टक्के अन्न या वाटेवरच नाहीसं होतं. दुसरा भाग दुकान, हॉटेल आणि घर यांचा. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात या टप्प्यावर 105 कोटी टन अन्न टाकून दिलं गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. त्यातलं 60 टक्के घरांमधून गेलं. घरांपुरता हिशेब जगात दरडोई वर्षाला सरासरी 79 किलो, भारतात सुमारे 55 किलो.

भारतात पहिल्या भागाचं नुकसान जास्त बोलकं आहे. केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने 2015 मध्ये देशभरच्या पाहणीचे आकडे दिले. समुद्रातल्या मासळीचं नुकसान 10.52 टक्के होतं, चिकूचं 9.73 टक्के. म्हणजे वरोरच्या परिसरातली दोन मुख्य उत्पादनं दर दहा किलोंमागे जवळजवळ एक किलो गमावत होती. 2022 मध्ये नाबार्डच्या सल्लागार संस्थेने केलेल्या पाहणीत समुद्री मासळीचं नुकसान 8.76 टक्क्यांवर आलेलं दिसलं आणि देशभरच्या शेतमाल, दूध, मासळी वगैरेंच्या नुकसानीची किंमत सुमारे दीड लाख कोटी रुपये भरली. म्हणजे प्रयत्न केले तर नुकसान घटतं. अजून बरंच घटवणं मात्र बाकी आहे.

यात फक्त पैसा जात नाही. किलोभर तांदळामागे सरासरी अडीच हजार लिटर पाणी खर्च होतं असं मानलं जातं. तांदूळ फेकला की ते पाणी, त्यावरची मजुरी, खत, वाहतुकीचं डिझेल सगळं त्याच्याबरोबर जातं. कचऱ्याच्या ढिगात दबलेलं अन्न हवेअभावी कुजतं आणि त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. जगातल्या हरितगृह वायूंपैकी आठ ते दहा टक्के वायू न खाल्लेल्या अन्नापायी हवेत जातात, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

बोंबील: तासांची मुदत

मासा पाण्याबाहेर काढला की त्याच्या शरीरातले पाचक रस त्याच्याच मांसावर काम करू लागतात. कातडी, कल्ले आणि आतडी यांतले जिवाणू मांसात शिरतात. समुद्री माशांच्या मांसात एक रसायन असतं, त्याचं रूपांतर करून हे जिवाणू आपण 'मासळीचा वास' म्हणतो तो तयार करतात. ही सगळी क्रिया तापमानावर चालते. तीस अंशांच्या उन्हात मासा दिवसभरही टिकत नाही. शून्य अंशाला तोच मासा आठवडाभर, कधी दोन आठवडेही खाण्यालायक राहतो.

बोंबलाच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. त्याच्या अंगात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मांस इतकं मऊ की टोपलीत एकावर एक थर रचले तर खालचे चेपून जातात. पापलेट बर्फात घालून दूरच्या बाजारात पाठवता येतं, बोंबील तितका प्रवास सोसत नाही. जाळ्यात मात्र तो भरभरून येतो. एका भरतीला मोठा घोळका लागला की सगळ्याच होड्यांत तोच माल असतो, त्या दिवशी भाव पडतो आणि ताजा माल खपत नाही. अडचण अन्न कमी असण्याची नसते. ते एकदम आणि एकाच जागी येण्याची असते.

यावर किनाऱ्यावरच्या लोकांनी शोधलेला उपाय आजही कमी खर्चाचा आणि सर्वांत पक्का आहे. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधून वलांडी उभी केली जाते. बोंबील धुऊन घेतात. मग दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात. बोंबलाचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे जबडे एकमेकांत घट्ट बसतात. वेगळी सुतळी लागत नाही, खिळा लागत नाही. दोन्ही बाजूंनी वारा लागतो, पाणी खाली ठिबकतं आणि चांगलं ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत बोंबील खणखणीत सुकतो. मीठही न लावता.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा किलो ताज्या बोंबलात पाणी नऊ किलो, बाकी एक किलो. सुकलेल्या बोंबलात पंधरा टक्के ओल राहिली असं धरलं तर दहा किलोंचे साधारण बाराशे ग्रॅम होतात. वजन आठव्या हिश्शावर आलं, पण प्रथिनं जवळजवळ सगळी राहिली. म्हणून 100 ग्रॅम सुक्या बोंबलात 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय भरपूर कॅल्शियम. काही तासांची मुदत काही महिन्यांवर गेली, वाहतुकीचं ओझं उतरलं आणि वीज अजिबात लागली नाही. जवळा, करंदी, मांदेली, वाकटी यांचंही तेच. पावसाळ्यात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा याच सुक्या मासळीवर घरं चालतात. पावसाआधी सुकी मासळी, मसाला, डाळी भरून ठेवायच्या या रिवाजाला आगोट म्हणतात. एका हंगामातलं जास्तीचं अन्न दुसऱ्या हंगामातल्या टंचाईपर्यंत नेण्याची ही पद्धत मोडू देता कामा नये.

हे काम बहुतेक बायकांच्या हातचं आहे. मासळी निवडणं, धुणं, टांगणं, उलटणं, संध्याकाळी झाकणं आणि मग बाजारात नेऊन विकणं. अन्न टिकवण्याच्या शास्त्रातलं हे हातातलं ज्ञान आहे आणि त्याची किंमत सरकारी आकडेवारीत क्वचितच धरली जाते.

सुकवण्यातलं नुकसान

या पद्धतीचा एक शत्रू आहे: अवेळी पाऊस. पूर्वी दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत आभाळाचा भरवसा असे. आता तसा राहिलेला नाही. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाने ऐन थंडीत या किनाऱ्यावर पाऊस आणला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ याच समुद्रातून गुजरातकडे गेलं. अर्धवट सुकलेल्या बोंबलावर पाऊस पडला की त्याला बुरशी येते, वास सुटतो, अळ्या पडतात. कधी तो पुन्हा सुकवून कोंबडीखाद्याला किंवा खताला पडत्या भावाने जातो, कधी नुसता पुरून टाकावा लागतो.

दुसरं नुकसान जमिनीवर सुकवण्याने होतं. जवळा आणि बारीक मासळी अंथरून वाळवतात. खाली वाळू असेल तर ती मालात जाते, कुत्री-कावळे-माश्या येतात, रात्रीचं दव पुन्हा ओल देतं. सुक्या मासळीत नंतर बारीक किडे पडतात आणि साठा आतून पोखरतात.

दोन्हींवरचे उपाय साधे आहेत. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर जाळीचा ओटा केला की वारा खालूनही लागतो आणि वाळू-दव टळतं. पारदर्शक प्लास्टिकच्या छताखालचा सौर वाळवणी बोगदा पावसाच्या दोन सरी सोसू शकतो. आत तापमान वाढल्यामुळे माश्याही येत नाहीत. पूर्ण सुकलेला माल हवाबंद पिशवीत भरला की किड्यांना श्वास मिळत नाही. आणि हवामान खात्याचा इशारा दुपारपर्यंत गावात पोचला तर वलांडीवरचा माल वेळेत आत घेता येतो, अर्थात आत घेण्यासाठी कोरडी शेड असेल तर. एका कुटुंबाला हे सगळं परवडणारं नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने किंवा बायकांच्या बचत गटाने मिळून केलं तर परवडतं.

ताज्या मासळीला बर्फ हवा. इथेही थोडं गणित उपयोगी पडतं. दहा किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आणायला साधारण साडेतीन किलो बर्फ वितळावा लागतो. त्यानंतर ती थंड ठेवायला, बाहेरच्या उन्हाशी झुंजायला आणखी बर्फ लागतो. म्हणून उष्ण प्रदेशात मासळीच्या वजनाइतका बर्फ घ्यावा असा नियम आहे. बर्फाचा चुरा मासळीच्या खाली, वर आणि मध्ये हवा. मोठे खडे टाकले तर मासळी चेपते आणि नीट गारही होत नाही. वितळलेलं पाणी निथळून गेलं पाहिजे, कारण त्या पाण्यातच जिवाणू वाढतात. खोक्याला जाड आवरण असेल तर बर्फ निम्म्याने वाचतो. होडी निघतानाच बर्फ बरोबर असावा. किनाऱ्याला लागल्यावर बर्फ घातला तर मधले चार-पाच तास गेलेले असतात आणि ते तास परत आणता येत नाहीत.

जाळ्यात येऊन वाया जाणारं अन्न

मासळी सुकवण्याआधीच, जाळं ओढतानाच एक नासाडी होऊन जाते. बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या जाळ्यात पापलेट, घोळ, सुरमई यांची पिल्लंही अडकतात. त्यांना बाजारात भाव नसतो. ती कोंबडीखाद्याच्या, फिशमीलच्या वाटेला जातात. बोटभर लांबीचं पापलेट वर्षभर पाण्यात राहिलं असतं तर ते पानभर झालं असतं आणि अंडी घालून पुढची पिढी देऊन गेलं असतं. आज टाकून दिलेलं पिल्लू म्हणजे पुढच्या वर्षीचं गमावलेलं अन्न.

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केलं. पापलेटसाठी नाव मिळवलेल्या पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी पिल्लांच्या मासेमारीविरुद्ध बराच काळ आवाज उठवला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. हा नियम पाळला जाणं जितकं मच्छीमारांच्या हातात आहे, तितकंच गिऱ्हाइकाच्याही. बारीक पापलेटचा वाटा स्वस्त मिळाला म्हणून आनंदाने घेऊ नये. तो घेणारा गिऱ्हाईक नसेल तर तो पकडण्यात कोणाचा फायदा उरत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख इथे केला पाहिजे. वरोरच्या शेजारी वाढवणला मोठं बंदर होऊ घातलं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला जून 2024 मध्ये मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षं विरोध आहे. बंदराचा सगळा वाद या प्रकरणात मावणारा नाही. अन्नाच्या बाजूने एक मुद्दा मात्र मांडायलाच हवा. मासळी सुकवायला किनाऱ्यालगतची मोकळी, वाऱ्याची, धूळ नसलेली जागा लागते. नकाशावर ती रिकामी दिसते. गावासाठी ती कोठारासारखी असते. विकासाची आखणी करताना अशी जागा मोकळी समजून घेतली गेली, तर तिच्याबरोबर मासळी टिकवण्याची सोयही जाते आणि ती सोय कुठल्याच भरपाईच्या यादीत येत नाही.

चिकू: दिवसांची मुदत

डहाणू तालुक्याचं नाव चिकूशीही जोडलेलं आहे. घोलवडला 1898 मध्ये चिकूची लागवड सुरू झाली आणि तिथून ती बोर्डी, डहाणू आणि आसपास पसरली. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथली मुख्य जात कालीपत्ती.

चिकू झाडावर पिकू देत नाहीत. तयार झालेला कडक चिकू उतरवतात आणि तो वाटेत पिकतो. सगळा खेळ कधी उतरवायचा याचा आहे. बागेतला जाणता माणूस फळावरची तपकिरी पावडर झडायला लागली का पाहतो, मग नखाने हलकेच ओरखडा काढतो. आतून हिरवं दिसलं तर फळ कोवळं. पिवळसर दिसलं आणि चीक कमी आला तर तयार. कोवळा चिकू उतरवला तर तो पिकताना सुरकुततो, तुरट लागतो आणि गिऱ्हाईक तो टाकून देतं. म्हणजे बाजारात फेकलेल्या कितीतरी फळांचं नुकसान त्या एका नखाच्या ओरखड्यापाशी ठरलेलं असतं. सणाआधी भाव चढला की फळ घाईने उतरवलं जातं, त्याची किंमत शेवटी अशी मोजावी लागते.

लांब काठीला जाळी लावलेल्या बेडणीने चिकू तोडतात. फळ जाळीत अलगद आलं तर ठीक. जमिनीवर आपटलं तर बाहेरून काही दिसत नाही, पण आत मार बसतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी ते कुजायला लागतं. त्या एका फळामुळे खोक्यातली शेजारची फळंही लवकर पिकतात, कारण पिकणाऱ्या आणि कुजणाऱ्या फळातून इथिलिन वायू बाहेर पडतो आणि तो इतरांना पिकायला लावतो. म्हणून मार लागलेली फळं आधीच वेगळी काढणं, एका आकाराची फळं एका खोक्यात भरणं, खोक्याला हवा खेळायला भोकं ठेवणं हे अन्न वाचवण्याचं काम आहे. दूरच्या बाजाराला कडक फळ, जवळच्या बाजाराला पिकण्याच्या बेतातलं, ही निवडही त्याचाच भाग.

पावसाळ्यात बुरशीमुळे चिकूची फळगळ होते. बी पोखरणाऱ्या अळीनेही बागांना छळलं आहे. बागेत खाली पडलेली किडकी फळं तशीच राहिली तर त्यातून पुढची कीड तयार होते. ती गोळा करून पुरणं हा पुढच्या तोडणीचा बचाव असतो. या भागात कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचं काम अनेक वर्षांचं आहे आणि बागायतदारांनी अशा सल्ल्यासाठी तिथवर जायला हरकत नाही.

आकाराने लहान किंवा दिसायला वाकडा चिकू खाण्यात काहीच कमी नसतो. तो वाळवून चिप्स, भुकटी, लोणचं करता येतं. बोर्डीत त्याची वाइनही झाली आहे. तत्त्व बोंबलाचंच आहे: दिवसांची मुदत महिन्यांवर न्यायची. घरी आणलेल्या चिकूबद्दल एवढं लक्षात ठेवावं की कच्चा चिकू फ्रिजमध्ये घालू नये. थंडीने त्याची पिकण्याची क्रिया बिघडते आणि तो पुढे नीट पिकत नाही. तो बाहेर पिकू द्यावा आणि पिकल्यावरच फ्रिजमध्ये ठेवावा.

वाणगाव परिसरातली मिरची हे याच गोष्टीचं दुसरं उदाहरण आहे. एकाच आठवड्यात सगळ्यांची मिरची तयार झाली की भाव तोडणीच्या मजुरीइतकाही राहत नाही आणि माल झाडावरच सोडला जातो. टप्प्याटप्प्याने लागवड करणं आणि लाल झालेली मिरची वाळवून ठेवणं, यांनी ही नासाडी पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते.

भात: महिन्यांची मुदत

धान्याला मुदत लांब आहे म्हणून त्याची काळजी कमी घेतली जाते. देशाच्या 2022 च्या पाहणीत तृणधान्यांचं नुकसान चार ते सहा टक्क्यांच्या घरात होतं. टक्केवारी लहान दिसते. पण धान्य आपण सर्वांत जास्त पिकवतो, त्यामुळे टन मोजले तर ते खूप भरतं.

भात साठवताना त्यातली ओल 14 टक्क्यांच्या खाली हवी. त्याहून जास्त असली की बुरशी आणि टोके वाढतात. शेतकरी दाणा दाताखाली चावून 'कट' आवाज येतो का पाहतात, ती परीक्षा अजूनही चालते. कणगी जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी, भिंतीपासून हातभर दूर. जुनं धान्य संपल्याशिवाय नवं त्यावर ओतू नये, नाहीतर जुन्यातली कीड नव्यात जाते. हवाबंद जाड पिशव्या आता मिळतात. त्यांत धान्याचा आणि किड्यांचा श्वास आतला प्राणवायू संपवतो आणि किडे आपोआप मरतात, औषध लागत नाही.

शिजलेलं अन्न: पुन्हा तासांची मुदत

इथवर नैसर्गिक मुदतीचं बोललो. आता माणसाने स्वतः मुदत कमी केलेलं अन्न. शिजलेलं अन्न पाच ते साठ अंशांच्या मध्ये राहिलं की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताबाबत तर विशेष काळजी हवी, कारण त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळल्यावरही जिवंत राहतात. म्हणून गरम भात उघड्यावर तासन् तास ठेवू नये. दोन तासांच्या आत पसरून गार करून फ्रिजमध्ये घालावा आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करताना चांगला वाफवून घ्यावा. उरलेली भाकरी कुस्करून फोडणीला टाकावी. आपल्या स्वयंपाकघरात शिळ्याचं सोनं करण्याच्या रीती आहेत. त्यांना कमीपणा मानायची गरज नाही.

लग्नाच्या जेवणात हिशेब वेगळाच असतो. यजमानाला अन्न कमी पडण्याची जेवढी भीती, तेवढी उरण्याची नसते. कमी पडलं तर लोक बोलतील, उरलं तर कोण विचारतो? पदार्थ वीस असतात, पाहुणा सगळ्यांतलं थोडं-थोडं घेतो आणि निम्मं टाकतो. यावर उपाय उपदेशाने होत नाही, मांडणीने होतो. पदार्थ कमी ठेवावेत. ताटं लहान ठेवावीत. वाढपी ठेवला तर बुफेपेक्षा पानात कमी टाकलं जातं, फक्त आग्रह आवरता यायला हवा. भात आणि पुऱ्या एकदम न करता पंगतीप्रमाणे कराव्यात. शेवटच्या घाण्याआधी किती माणसं राहिली हे मोजावं. आणि उरलं तर कोण नेणार, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावं. मुंबईच्या डबेवाल्यांनी 2015 मध्ये रोटी बँक सुरू केली, त्यामागचा विचार हाच होता: उरलेलं चांगलं अन्न पोचवायला आधीपासून तयार असलेली माणसं हवीत. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2019 मध्ये जास्तीच्या अन्नाच्या वाटपाचे नियम केले आहेत, त्यामुळे कोणत्या काळजीने अन्न द्यावं याची चौकट आता स्पष्ट आहे.

घरात नासाडी होते ती बहुतेक खरेदीच्या वेळी. फ्रिजमध्ये काय आहे हे न पाहता बाजारात गेलं की कोथिंबिरीची दुसरी जुडी येते आणि पहिली काळी पडते. आधी आणलेलं पुढे, नवं मागे, एवढी शिस्त पाळली तरी बराच फरक पडतो. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नयेत. केळी-सफरचंद पालेभाज्यांपासून दूर ठेवावीत. पाकिटावरच्या दोन तारखांतला फरक ओळखावा. 'या तारखेपर्यंत उत्तम' म्हणजे त्यानंतर चव-कुरकुरीतपणा कमी होईल. 'या तारखेपर्यंत वापरा' म्हणजे त्यानंतर खाऊच नये. पहिली तारीख उलटली म्हणून चांगला रवा किंवा पोहे कचऱ्यात टाकण्याचं कारण नाही. पाहावं, वास घ्यावा, मग ठरवावं.

एवढं करूनही जे उरेल ते बकऱ्या-कोंबड्यांना, नाहीतर खताच्या खड्ड्याला. गावात हे सहज होतं. शहरात ओला कचरा वेगळा दिल्याशिवाय होत नाही. दक्षिण कोरियाने 2005 मध्ये अन्नाचा कचरा जमिनीत पुरण्यावर बंदी घातली आणि 2013 पासून वजनावर पैसे घ्यायला सुरुवात केली. फ्रान्सने 2016 मध्ये मोठ्या दुकानांना विकलं न गेलेलं खाण्यालायक अन्न नष्ट करायला मनाई केली. नियम कडक असले की लोकांच्या सवयी बदलतात, हे दोन्हीकडे दिसलं.

भुकेच्या शेजारी

वरोरच्या किनाऱ्यावरून पूर्वेला दोन-अडीच तासांच्या वाटेवर जव्हार आणि मोखाडा आहेत. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. आता हे तालुके त्याच पालघर जिल्ह्यात आहेत. जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला आणि कुपोषणाचा प्रश्न त्याच्या वाट्याला आला. किनाऱ्यावर प्रथिनांनी भरलेली मासळी पावसात भिजून खताला जाते आणि त्याच जिल्ह्याच्या डोंगरात मुलांना प्रथिनं कमी पडतात. या दोन गोष्टींमध्ये अंतर किलोमीटरचं कमी आणि व्यवस्थेचं जास्त आहे.

हे अंतर लोकांनी आपल्या परीने आधीपासून भरून काढलं आहे. आठवडे बाजारात किनाऱ्यावरच्या बायका सुकट-बोंबील घेऊन बसतात आणि पाड्यांवरची कुटुंबं ते विकत घेतात. स्वस्त, न नासणारं, फ्रिजशिवाय टिकणारं हे अन्न डोंगरातल्या घरांना नेमकं हवं तसं आहे. या जुन्या वाटेला बळ देणं म्हणजे नुकसान आणि भूक दोन्हींवर एकदम काम करणं. स्वच्छ सुकवलेला जवळा आणि बोंबील, जिथे लोक आवडीने खातात तिथे, आश्रमशाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या आहारात आणता आला तर मच्छीमार बायकांना पक्कं गिऱ्हाईक मिळेल आणि मुलांना प्रथिनं.

दरवर्षी ग्रामपंचायत आपला विकास आराखडा करते. त्यात रस्ते येतात, गटारं येतात, दिवाबत्ती येते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने त्यात अन्न टिकवण्याच्या सोयींसाठी वेगळी तरतूद मागायला हवी: मासळी सुकवण्याची राखीव जागा, उंच ओटे, पावसात माल आत घ्यायला शेड, बर्फ फोडण्याचं यंत्र, बायकांच्या गटाला वजनकाटा आणि हवाबंद पिशव्या. यांतलं काहीही फार महाग नाही आणि काहीही परदेशातून आणायचं नाही. समुद्रातून जास्त मासळी काढण्यासाठी आपण मोठ्या बोटींना अनुदान दिलं. जी मासळी आधीच हातात आली आहे, ती वाचवण्यासाठी त्याच्या अंशभर पैसा खर्च करणं हा यापुढचा शहाणपणाचा निर्णय ठरेल.